दिलेला शब्द आणि उरलेले आयुष्य

दाशराजाच्या दारात उभे राहून देवव्रताने दोनच गोष्टी सांगितल्या. सत्यवतीच्या पोटी जो मुलगा येईल तोच कुरूंच्या गादीवर बसेल, ही पहिली. तेवढ्याने कोळ्यांच्या त्या राजाचे समाधान झाले नाही. तुझ्या शब्दाबद्दल मला शंका नाही, पण तुझी मुले तो पाळतील याची खात्री कोणी द्यायची, असे त्याने विचारले. त्यावर दुसरी गोष्ट आली: आजपासून मी ब्रह्मचारी राहीन. आदिपर्वात हा प्रसंग थोडक्या श्लोकांत संपतो. आकाशातून फुले पडतात, देव त्याला भीष्म म्हणतात, तो सत्यवतीला आई म्हणून हाक मारतो, रथात बसवून हस्तिनापुराला आणतो आणि शंतनू त्याला इच्छामरणाचा वर देतो. देवव्रत तेव्हा तरुण होता, युवराज होता, वसिष्ठांकडून वेद आणि परशुरामांकडून शस्त्रविद्या शिकून आलेला होता. सगळे आयुष्य अजून पुढे होते.

त्या दोन गोष्टींत काय नाही तेही पाहायला हवे. हस्तिनापूरच्या सिंहासनाचे मी मरेपर्यंत रक्षण करीन, असे त्यात नाही. त्यावर जो बसेल त्याच्यात मी माझ्या वडिलांना पाहीन, असे नाही. जो राजा असेल त्याच्या बाजूने लढेन, असेही नाही. तरी भीष्माचे नाव निघाले की आपल्याकडे पहिल्यांदा तोंडात येते ते हेच: बिचारा काय करणार, प्रतिज्ञेने बांधलेला होता. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रांच्या मालिकेने ही समजूत घराघरांत पक्की केली. त्या मालिकेचा मोठेपणा मी नाकारत नाही. एका अख्ख्या पिढीला महाभारत तिच्यामुळे कळले. पण सिंहासनाला जन्मभर जखडलेला भीष्म व्यासांच्या ग्रंथात शोधायला गेले तर सापडत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते त्यासाठी पारखली गेली. त्या आवृत्तीतही दाशराजापुढची प्रतिज्ञा दोनच कलमांची आहे.

मग उरलेल्या आयुष्याचे काय? काशीच्या मुली पळवून आणणे, गांधारीला आंधळ्याच्या घरी मागणे, द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर न देणे, कौरवांचे सेनापतिपद घेणे, यातली एकही गोष्ट प्रतिज्ञेने त्याच्यावर लादलेली नव्हती. ती त्याने केली, समजून उमजून केली. त्याग एका दिवसात पुरा झाला होता. कर्तव्य मात्र दर सकाळी नव्याने पुढे येत होते, आणि दर वेळी ते ओळखावे लागत होते. हे पुस्तक त्या दुसऱ्या, लांबलचक गोष्टीविषयी आहे.

भीष्माच्या त्यागाला त्याच्याच घराण्यात एक जुना दाखला आहे, आणि तोही आदिपर्वातच आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण आले. त्याने पाच मुलांना एकेक करून विचारले, तुझे तारुण्य मला दे. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनी नकार दिला. सर्वांत धाकट्या पुरूने होकार दिला. त्याच पुरूच्या वंशात शंतनू जन्मला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे ही कथा मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, पण आपण ती ययातीची कथा म्हणून वाचतो. तिच्याकडे पुरूच्या बाजूने पाहिले, तर बापाच्या वासनेसाठी मुलाने आपले तारुण्य काढून द्यावे ही या घराण्याची रीत दिसते. मात्र दोन फरक आहेत. ययातीने उघड मागितले. शंतनूने मागितले नाही. एकुलता एक मुलगा म्हणजे मुलगा नसल्यासारखेच, तू सदा शस्त्र हातात घेऊन असतोस, तुला काही झाले तर वंशाचे काय, असे तो आडवळणाने बोलला. खरे कारण देवव्रताला म्हाताऱ्या अमात्याकडून कळले. दुसरा फरक याहून मोठा आहे. हजार वर्षांनी ययातीला उमगले की उपभोगाने भूक वाढतेच, आणि त्याने पुरूचे तारुण्य परत केले, वर राज्यही दिले. देवव्रताला त्याचे तारुण्य कोणी परत केले नाही. बापाने दिला तो मरण लांबवण्याचा वर. ज्या वाटांनी जगायचे होते त्या बंद झाल्यावर आयुष्य हवे तेवढे लांब मिळाले.

रामाशी त्याची तुलना नेहमी होते. दोघे थोरले मुलगे, दोघांनी बापाच्या सुखापायी किंवा शब्दापायी राज्य सोडले. पण रामाच्या वनवासाला चौदा वर्षांची मुदत होती आणि मुदत संपल्यावर अयोध्येत परतून त्याला राज्य करावेच लागले. सोडण्याची परीक्षा झाल्यावर सांभाळण्याची परीक्षाही त्याला चुकली नाही, आणि त्या दुसऱ्या परीक्षेत सीतेच्या बाबतीत काय झाले याचा वाद आजही शमलेला नाही. भीष्माच्या त्यागाला मुदत नव्हती. म्हणून राज्य सोडूनही तो राज्यातून कधी बाहेर पडला नाही.

प्रतिज्ञा मोडण्याची मुभा त्याला एकदा मिळाली होती, आणि ती देणारी होती सत्यवती. तिचा थोरला मुलगा चित्रांगद त्याच नावाच्या गंधर्वाशी लढताना मेला. धाकटा विचित्रवीर्य सात वर्षे संसार करून क्षयाने गेला. दोन विधवा सुना, मूल नाही, गादी रिकामी. तेव्हा सत्यवती भीष्माला म्हणाली, तू या सुनांना मुले दे, स्वतःला अभिषेक करून घे. तुझी प्रतिज्ञा मला ठाऊक आहे, ती माझ्यासाठीच होती, पण आता आपद्धर्म पाहा. ज्या मुलांसाठी शब्द दिला ती मुले राहिली नव्हती. ज्या बापासाठी दिला तो केव्हाच गेला होता. जिच्यासाठी दिला ती स्वतः तो परत देत होती. भीष्माने नकार दिला, आणि नकार देताना पृथ्वी आपला गंध सोडील, सूर्य आपले तेज सोडील, पण मी सत्य सोडणार नाही, अशा आशयाचे लांबलचक उत्तर दिले.

मला हा प्रसंग दाशराजाच्या दारातल्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. तिथे त्याने वडिलांसाठी काही सोडले होते. इथे तो कोणासाठी सोडत होता? शब्द पाळण्यात कोणाचेही हित उरले नसताना शब्द पाळणे ही सत्यनिष्ठेची परमसीमा आहे, असे म्हणणारी माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्याच्या जागी दुसरा कोणी असता आणि त्याने मुभा घेतली असती तर लोक म्हणाले असते, राज्यावर डोळा ठेवूनच वाट पाहत होता. ही शंका कोणाच्या मनात येऊ नये म्हणूनही भीष्म ठाम राहिला असेल. पण त्या नकारानंतर काय झाले तेही ग्रंथ सांगतो. सत्यवतीने लग्नाआधी झालेल्या आपल्या मुलाला, व्यासाला बोलावले. दोघी सुनांपैकी अंबिकेने भीतीने डोळे मिटले, अंबालिका पांढरी पडली. त्या दोघींना कोणी विचारले नव्हते. धृतराष्ट्र आंधळा जन्मला, पांडू फिकट जन्मला, आणि दासीच्या पोटी आलेला विदुर सर्वांत शहाणा असून गादीपासून दूर राहिला. पुढच्या सगळ्या वैराचे बी इथे पडले. भीष्माचे व्रत अभंग राहिले आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

इथे एक न्यायही करायला हवा. मुले लहान असताना भीष्माने जो कारभार पाहिला, त्याचे आदिपर्वातले वर्णन फार सुंदर आहे. पिके चांगली, पाऊस वेळेवर, नगर माणसांनी भरलेले, चोरांचे भय नाही. तिन्ही मुलांना त्याने पोटच्या पोरांसारखे वाढवले, शिकवले. पुढे पांडूची मुले वनातून आली तेव्हा त्यांनाही जवळ घेतले. धुळीने भरलेल्या अंगाने ती त्याच्या मांडीवर चढत, ही आठवण अर्जुनाने युद्धाच्या नवव्या रात्रीही काढली आहे. द्रोणांसारखा गुरू त्यानेच नेमला. राजा न होता त्याने राजाचे काम केले, आणि जितका काळ गादीवर कोणी नव्हते तितका काळ ते उत्तम केले. भीष्माची शोकांतिका गादीवर माणूस बसल्यानंतर सुरू होते. स्वतः निर्णय घ्यायचा असताना त्याला धर्म कळत होता. दुसऱ्याने निर्णय घेतल्यावर तो सल्ला देणारा झाला, मग न ऐकल्या जाणाऱ्या सल्ल्याचा धनी झाला, आणि शेवटी त्या निर्णयांचा सेनापती झाला.

आता अंबेकडे वळायला हवे, कारण तिच्याशिवाय भीष्मावर लिहिलेले काहीही अपुरे आहे. काशीराजाच्या तीन मुलींचे स्वयंवर होते. भीष्म तिथे गेला तो भावासाठी. जमलेल्या राजांदेखत त्याने तिघींना रथात घातले आणि पाठलाग करणाऱ्यांना हरवून हस्तिनापुराला आणले. तिथे थोरली अंबा म्हणाली, मी शाल्वाला मनाने वरले आहे. भीष्माने ब्राह्मणांशी विचारविनिमय करून तिला सन्मानाने जाऊ दिले. शाल्वाने तिला घेतले नाही. दुसऱ्याने जिंकून नेलेली मुलगी त्याला नको होती. आदिपर्वातली हकीकत अंबेला जाण्याची परवानगी मिळते तिथेच संपते. पुढचे सगळे उद्योगपर्वाच्या शेवटी येते, आणि ते सांगतो स्वतः भीष्म. दुर्योधनाने विचारलेले असते, शिखंडी बाण रोखून आला तरी तुम्ही त्याला मारणार नाही, ते का? त्याचे उत्तर म्हणून म्हातारा योद्धा, युद्ध उद्यावर आलेले असताना, पुढच्या जन्मी शिखंडी झालेल्या एका मुलीची पूर्ण कहाणी सांगत बसतो.

या कहाणीत एक जागा अशी आहे की तिथे थांबावेच लागते. शाल्वाच्या नगरातून बाहेर पडलेली अंबा विचार करते की दोष कोणाचा. स्वतःचा? लढाई चालू असताना मी भीष्माच्या रथातून उडी का टाकली नाही? बापाचा? त्याने मला पणाला लावल्यासारखे स्वयंवर मांडले. शाल्वाचा? दैवाचा? सगळ्यांना वाटा देऊन झाल्यावर ती ठरवते की मुळाशी भीष्म आहे. आणि हे सगळे आपण भीष्माच्या तोंडून ऐकतो. तिने त्याच्यावर ठेवलेला ठपका तो स्वतःच, तिच्या शब्दांना धक्का न लावता, कौरवांच्या राजासमोर मांडतो. ज्या माणसाने तिला परत घ्यायला नकार दिला, त्यासाठी प्रत्यक्ष गुरूशी, परशुरामाशी कुरुक्षेत्रावर तेवीस दिवस युद्ध केले, गंगा मध्ये पडली तरी मागे हटला नाही, त्याने तिचे म्हणणे इतके नीट लक्षात ठेवले होते. भीष्माच्या मनात पश्चात्ताप होता असे व्यास कुठेही लिहीत नाहीत. पण इतके तपशील विसरलेला माणूस सांगू शकत नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्मावर लिहिले त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. पुस्तक १९६७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या घराण्यात आलेल्या स्त्रियांच्या वाट्याला भीष्मामुळे काय आले, याकडे त्या निबंधाने मराठी वाचकाचे लक्ष वळवले, आणि तेव्हापासून भीष्माकडे निव्वळ भक्तीने पाहणे मराठीत अवघड झाले. ते बरेच झाले. माझ्या वाचनावर त्या निबंधाचे ऋण आहे आणि ते मी मोकळेपणाने मानतो. गांधारीला मागणी घालायला सुबलाकडे माणसे पाठवली ती भीष्माने. नवरा आंधळा आहे हे कळल्यावर तिने डोळ्यांना पट्टी बांधली. माद्रीसाठी शल्याला सोने, रत्ने, हत्ती, घोडे मोजून दिले तेही भीष्मानेच. ज्याने स्वतः लग्न केले नाही त्याने घरातली बरीचशी लग्ने जमवली. वंश चालला पाहिजे हे त्याने कर्तव्य मानले आणि ते पार पाडण्याचा भार अशा बायकांवर टाकला ज्यांना कधी कोणी प्रतिज्ञा विचारली नव्हती.

द्यूतसभेविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. भीष्म मान खाली घालून गप्प बसला, असे आपण चित्रांत पाहतो, व्याख्यानांत ऐकतो. सभापर्वातला भीष्म बोलतो. द्रौपदीने विचारले होते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? भीष्म त्या प्रश्नाची दोन्ही अंगे मांडतो. जो स्वतःच दास झाला त्याची कशावरही मालकी उरत नाही, हे एक. बायको नवऱ्याच्या स्वाधीन असते असे लोक मानतात, हे दुसरे. धर्म सूक्ष्म आहे, मला तुझ्या प्रश्नाचा निकाल देता येत नाही, असे तो म्हणतो. पुन्हा एकदा बोलतो तेव्हा तर असे सांगतो की जगात बलवान माणूस ज्याला धर्म म्हणेल तोच धर्म ठरतो, आणि मग निर्णय युधिष्ठिरावर सोपवतो. गप्प बसलेल्या माणसाला निदान भीतीची किंवा लाजेची सबब असते. इथे कुरुकुलातला सर्वांत ज्ञानी माणूस आपले सगळे ज्ञान वापरून प्रश्नाच्या दोन्ही बाजू समान वजनाच्या करून ठेवतो, आणि समोर एका बाईचे वस्त्र ओढले जात असते. त्याच सभेत धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उभा राहून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याच्याकडे भीष्माचे वय नव्हते, विद्या नव्हती, कीर्ती नव्हती. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केले. भीष्माला गप्प करायची कोणाची छाती झाली असती?

मग तो कौरवांकडून का लढला? याचे उत्तर त्याने स्वतः दिले आहे, आणि त्यात प्रतिज्ञेचा उल्लेखही नाही. युद्धाच्या पहिल्या सकाळी युधिष्ठिराने कवच उतरवले, शस्त्रे ठेवली आणि पायी चालत शत्रुसैन्यात शिरून भीष्माचे पाय धरले. भीष्म प्रसन्न झाला, त्याने जयाचा आशीर्वाद दिला. आणि मग म्हणाला की माणूस अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही. कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवले आहे. हे बोलणे पौरुषहीन आहे, असेही तो लगेच कबूल करतो. द्रोण, कृप, शल्य या तिघांनीही त्या सकाळी युधिष्ठिराला हेच उत्तर दिले. खाल्ल्या मिठाला जागणे हे आपल्याकडे मोठे मूल्य आहे, आणि भीष्माच्या बाजूने ते नेहमी पुढे केले जाते. पण ते मीठ कोणाचे होते? ज्या राज्याचा कारभार त्याने वर्षानुवर्षे उभा केला, ज्यावर त्याचा जन्मसिद्ध हक्क होता, त्या राज्यातला घास त्याला दुर्योधनाने दिलेला घास वाटू लागला होता. हक्क सोडताना त्याने घरातली आपली जागाही सोडून दिली होती की काय, असा प्रश्न इथे पडतो. आश्रितासारखे बोलणारा हा पितामह मला शरशय्येवरच्या भीष्माहून अधिक करुण वाटतो.

सेनापतिपद घेताना त्याने दुर्योधनाला अट सांगितली. पांडुपुत्रांना मी मारणार नाही, पण त्यांच्या सैन्यातले दहा हजार योद्धे रोज मारीन. या अटीचे कौतुक होते ते पहिल्या अर्ध्या भागासाठी: नातवांवरची माया आणि स्वामीनिष्ठा दोन्ही कशी सांभाळली पाहा. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही. दहा दिवस तो लढला. पांचाल, मत्स्य, चेदी, कोण कुठली माणसे, कुणाची नावेही ग्रंथात नाहीत. ज्यांच्याशी वैर होते त्यांना जीवदान आणि ज्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते त्यांना मरण, असा तो तोडगा होता. दोन कर्तव्यांच्या ओढाताणीत त्याने मधला रस्ता काढला आणि त्या रस्त्यावर ही अनोळखी माणसे पडली. मला या अटीइतके जड भीष्मचरित्रात काही वाटत नाही. आणि नवव्या रात्री त्यानेच पांडवांना सांगितले की शिखंडीला पुढे करा, म्हणजे मी शस्त्र खाली ठेवीन. हा मार्ग त्याला पहिल्या दिवशीही ठाऊक होता. माझ्या मरणाची वेळ अजून आलेली नाही, पुन्हा ये, असे तो तेव्हा युधिष्ठिराला म्हणाला होता.

दहाव्या दिवशी तो पडला. अर्जुनाने तीन बाणांची उशी दिली, जमिनीत बाण मारून पाणी काढले. त्या रात्री कर्ण एकटा भेटायला आला, तेव्हा जन्मभर त्याला टाकून बोललेल्या भीष्माने त्याला एका हाताने बापासारखे जवळ घेतले. पुढे युद्ध संपले, आणि उत्तरायणाची वाट पाहत भीष्म पडून राहिला. अठ्ठावन्न रात्री या बाणांवर गेल्या, असे तो शेवटी सांगतो.

याच काळात शांतिपर्व आणि अनुशासनपर्व घडतात. महाभारताच्या संक्षिप्त मराठी आवृत्त्यांत या दोन पर्वांना सर्वांत जास्त कात्री लागते. कथा थांबते, उपदेश सुरू होतो, वाचक कंटाळतो, असे प्रकाशक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यामुळे आपल्याकडचा भीष्म अर्धाच राहिला आहे. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर राज्य टाकून वनात जायला निघाला होता. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण सगळ्यांनी समजावून झाले; शेवटी कृष्णाने त्याला भीष्माकडे नेले. ज्याने राज्य टाकले म्हणून ज्याला देवांनी डोक्यावर घेतले, त्याने आता दुसऱ्या एकाला राज्य टाकू नकोस, हे सांगायचे होते. आणि त्याने ते सांगितले. सोडून जाण्यात जे पुण्य लोकांना दिसते ते सगळे नीट राज्य करण्यात आहे, हे त्याने नाना कथांनी, नाना अंगांनी युधिष्ठिराच्या गळी उतरवले.

त्या उपदेशात राजाचे वर्णन करताना भीष्म गर्भवतीचा दाखला देतो. ती जशी आपल्या मनाला आवडणारे बाजूला ठेवून पोटातल्या गर्भाला जे हितकर तेच करते, तसे राजाने प्रजेसाठी वागावे. आजन्म ब्रह्मचाऱ्याने त्यागाचे उदाहरण शोधले ते असे. त्याच्या स्वतःच्या त्यागाला एक दिवस लागला होता, साक्षीला क्षत्रिय होते, वरून फुले पडली होती. गर्भवतीचा त्याग रोजचा असतो, कोणी पाहत नाही, आणि त्यात काय सोडायचे हे तिला समोरच्या जिवाची गरज पाहून ठरवावे लागते. सत्यवतीच्या विनवणीच्या वेळी, द्रौपदीच्या प्रश्नाच्या वेळी नेमका हाच त्याग त्याच्याकडे मागितला गेला होता: आपली कीर्ती, आपले व्रताचे अखंडपण, आपले तटस्थपण समोरच्यासाठी सोडण्याचा.

तो आणखी पुढे जातो. रक्षण न करणाऱ्या राजाला, समुद्रात फुटकी नाव टाकून द्यावी तसे टाकून द्यावे, असे तो शांतिपर्वात सांगतो. मी तुमचे रक्षण करीन असे म्हणून जो करीत नाही त्या राजाला प्रजेने एकत्र येऊन, पिसाळलेल्या कुत्र्याला मारावे तसे मारावे, असे अनुशासनपर्वात सांगतो. हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटले होते. हे ज्याला ठाऊक होते तो त्या सभेत बसला होता. त्या राजाच्या बाजूने दहा दिवस लढला होता. काही अभ्यासक म्हणतात की ही पर्वे मागाहून भर पडून वाढली, तेव्हा सभापर्वातला भीष्म आणि हा भीष्म एकच धरू नये. ग्रंथ वाढला हे मलाही मान्य आहे. पण ज्यांनी भर घातली त्यांना भारतातला कोणीही ऋषी या उपदेशासाठी मिळाला असता. त्यांनी भीष्माला निवडले, आणि त्याला बाणांवर निजवून हे सगळे त्याच्या तोंडी घातले. त्याच्या आयुष्याशी हे ताडून पाहिले जाईल, हे त्यांना समजत नव्हते असे मी मानायला तयार नाही.

आपल्याकडे पंचांगात माघ शुद्ध अष्टमीला भीष्माष्टमी लिहिलेली असते. ज्याला मूलबाळ नाही त्याला पाणी कोण देणार, म्हणून त्या दिवशी भीष्माला तर्पण करायचे. वडील हयात असलेल्यांनीही ते करावे, असे काही शास्त्रकार म्हणतात. ही प्रथा आता फार थोड्या घरांत उरली आहे, पण तिच्यातला विचार मला मोठा वाटतो. समाजाने त्याच्या चुकांचा हिशेब मागितला नाही, त्याच्या त्यागाचे ऋण मात्र आपल्या डोक्यावर घेतले. हे पुस्तक लिहिताना तो आदर मी कुठेही सोडलेला नाही. ज्यांच्यावर प्रेम असते त्यांच्याकडूनच उत्तर मागावेसे वाटते, आणि भीष्माकडून मला पुष्कळ उत्तरे हवी आहेत.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. वसूंचा शाप, वसिष्ठांची गाय, गंगेने सात मुले पाण्यात सोडणे हा भाग मी सुरुवातीला घेतलेला नाही. तो सुरुवातीला आला की सगळे आयुष्य शापाचे फळ वाटू लागते आणि माणसाच्या निर्णयांवरून नजर हटते. पहिले प्रकरण काशीच्या स्वयंवरापासून सुरू होते, कारण स्वतःसाठी काही न मागणाऱ्या भीष्माने दुसऱ्याचे आयुष्य पहिल्यांदा उचलून नेले ते तिथे. शापाची कथा चौथ्या प्रकरणात येते, सत्यवतीच्या विनवणीनंतर. जवळजवळ अर्धे पुस्तक शांतिपर्व आणि अनुशासनपर्व यांना दिले आहे. तिथे कथा मंदावते, तरी वाचकाने धीर धरावा अशी माझी विनंती आहे. ज्याला तेवढी सवड नसेल त्याने निदान द्यूतसभेवरचे प्रकरण आणि प्रजारक्षणाच्या उपदेशावरचे प्रकरण एकापाठोपाठ एक वाचावे. दोन्ही ठिकाणी बोलणारा माणूस तोच आहे, हे मात्र वाचताना विसरू नये.